शाळेच्या प्रवेशाच्या तारखा तुम्ही लक्षात कशा ठेवता? (बेळगाव, खानापूर, निपाणी सगळ्यांनी सांगा)

अनगोळची_आई, 5 जानेवारी 2026
नमस्कार मंडळी. परवा घरात ह्यावरून बरीच बोलाचाली झाली, ते सांगत बसत नाही, मुद्द्याचं विचारते. मला दोन मुलं. थोरला पाचवीत, मराठी माध्यम. धाकटी यूकेजीत. थोरल्याला नवोदयला बसवायचं हे तो तिसरीत असल्यापासून ठरलेलं, कोथळीचं नवोदय आपल्याच जिल्ह्यात, पोरगा गणितात चांगला. आणि फॉर्मच राहिला. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की शाळेची अॅडमिशन म्हणजे एप्रिल-मे. नोव्हेंबरात मागच्या गल्लीतली बाई म्हणाली आमच्या पोरीचं हॉलतिकीट आलं की, तेव्हा कळलं फॉर्म ऑगस्टातच संपलेत. हातात भाजीची पिशवी होती, तशीच तिच्या पायरीवर बसले मी. सहावीच्या त्या परीक्षेला एकदाच बसता येतं म्हणे, म्हणजे गेलंच ते.

आता धाकटीचं. जन्म 18 जुलै 2020. शाळेत सांगितलं यंदा पहिलीला बसत नाही, 1 जूनला सहा पूर्ण पाहिजेत, परत एक वर्ष यूकेजी. आणि पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडला माझ्या बहिणीची मुलगी हिच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान, ती येत्या जूनला पहिलीत जाणार! शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी साडेपाचला घेतलं की इथंच. मिस्टर म्हणतात शिनोळीला घालूया, ते पण महाराष्ट्रातच, गाडीवरून अर्धा तास, वर्ष कशाला घालवायचं. मला काय सुचेना झालंय.

तुम्ही हे सगळं लक्षात कसं ठेवता? कुठली तारीख कधी येते, कागद कधी काढायचे, आणि सांगतं कोण? आमच्या घरी दोघंही कामाला जातो, शाळेच्या ग्रुपवर रोज पन्नास गुड मॉर्निंग येतात त्यात कामाचं एक कुठं सापडायचं.

उचगाव_एक्स्प्रेस, 5 जानेवारी
ताई, माझी मुलगी अजून दीड वर्षाची आहे पण धागा सेव्ह करून ठेवतो. आमच्या बायकोनं आत्ताच विचारायला सुरुवात केलीय.

टिळकवाडी_तात्या, 5 जानेवारी
दीड वर्ष म्हणजे उशीर झाला म्हणायचा! गंमत केली रे. पण खरं सांगू का, दीड वर्षाची असतानाच जन्मदाखला नीट बघून ठेव. का ते नंतर सविस्तर लिहितो, आता फिरायला चाललोय.

कॅम्पवासी, 5 जानेवारी
अनगोळची आई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आपल्याकडं एक तारीख नाही, तीन-तीन तारखा आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या. पहिलीला सहा वर्षं पूर्ण हे सगळीकडं सारखंच, पण कुठल्या दिवशी पूर्ण हे वेगळं. केंद्रीय विद्यालयाला 31 मार्च. कर्नाटकाला 1 जून. महाराष्ट्राला 31 डिसेंबर. आता तुमची 18 जुलै घ्या. 31 मार्च 2026 ला ती पाच वर्षं आठ महिने, नाही बसत. 1 जूनला पाच वर्षं दहा महिने, नाही बसत. 31 डिसेंबरला सहा वर्षं पाच महिने, सहज बसते. म्हणून तुमच्या बहिणीची मुलगी पहिलीत आणि तुमची यूकेजीत. कुणी तुमच्यावर अन्याय केला असं नाही, मध्ये फक्त सीमा आहे.

शेजारच्या मुलाचं पण सांगतो. सहा पूर्णचा आदेश 2022 च्या जुलैचा, पण तो लागू व्हायचा होता 2025-26 पासून. तेव्हा पालकांनी आरडाओरडा केला, आणि 2025 च्या एप्रिलात शिक्षणमंत्री मधु बंगारप्पा यांनी त्या एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत दिली. तेव्हाच सांगितलेलं की 2026-27 पासून सहा म्हणजे सहा. त्या मुलाला ते वर्ष मिळालं, तुमच्या मुलीला नाही.

केंद्रीय विद्यालयाचे पहिलीचे फॉर्म गेल्या साली 7 मार्च ते 21 मार्च होते. पंधरा दिवस फक्त. पुढच्या वर्षी तुमची मुलगी बसेल त्यात, तेव्हा 2027 च्या फेब्रुवारीपासूनच रोज साइट उघडून बघा.

अनगोळची_आई, 5 जानेवारी
कॅम्पवासी, एवढं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मिस्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणतात बघ, महाराष्ट्रात बसते की, मग शिनोळीच.

चंदगडची_लेक, 6 जानेवारी
मी चंदगड तालुक्यातलीच, लग्न होऊन हिंडलग्यात. त्यामुळं दोन्हीकडचं बघितलंय. शिनोळीला घालायचं तर घाला, शाळा काय वाईट नाहीत तिकडं, माझं स्वतःचं शिक्षण तिथंच झालंय. पण पहिलीतल्या पोरीला पावसाळ्यात दुचाकीवर रोज जाऊन-येऊन एक तास? जुलै-ऑगस्टचा आपल्याकडचा पाऊस बघितलाय न्हवे? माझ्या नणंदेनं एक वर्ष केलं हे, रेनकोटातून पाणी दप्तरात, पोर महिन्यातून आठवडा तापानं घरात.

दुसरं म्हणजे तिकडं कन्नड नाही. परत इकडं आणणार असाल तर इथं कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून लागतंच, 2015 चा कायदा आहे तो, सीबीएसईला पण सोडलेलं नाही. तिसरी-चौथीत आणून बसवलात तर वर्गातली बाकीची पोरं ओळी वाचतात आणि आपलं पोर अक्षरं गिरवतंय असं होतं. नणंदेच्या मुलाचं झालं तसं. हुशार पोरगा पण कन्नडच्या तासाला खाली मान घालून बसायचा.

तारखांचं मी काय करते ते संध्याकाळी लिहिते, आता डबे भरायचेत.

निपाणीकर, 6 जानेवारी
आम्ही उलटे. कोल्हापुरातून निपाणीला आलो, मुलगी चौथीत. टीसी घेऊन आलो तर म्हणाले तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची सही पाहिजे टीसीवर, दुसऱ्या राज्यातली आहे म्हणून. परत गेलो. सही आणली तर जन्मतारीख अंकात एक आणि अक्षरात एक! अंकात 06 आणि अक्षरात "नऊ". कुणाची चूक ते शोधत बसलो नाही, तिसरी फेरी मारली. जूनच्या 10 तारखेपर्यंत पोरगी घरात, आणि इथली शाळा तर 29 मे लाच चालू झालेली. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात त्या हिशेबानं आम्ही निवांत होतो, तिथंच फसलो.

म्हणून सांगतो, राज्य बदलणार असाल तर टीसी हातात पडल्या पडल्या तिथंच काउंटरवर उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, आणि पेन नंबर. यूडायस ह्या केंद्राच्या शाळा-नोंदीतला मुलाचा पेन नंबर देशभर एकच असतो. मुलांची नोंद ठेवायला तिकडं सरल, इकडं एसएटीएस, दोन्ही सिस्टिम वेगळ्या, पण पेन नंबर असला की मुलगी ऑनलाइन सापडते.

खानापूरचे_गुरुजी, 6 जानेवारी
मी तीस वर्षांवर प्राथमिक शाळेत होतो, शेवटची अकरा वर्षं हेडमास्तर. निपाणीकरांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

तुमच्या मुलीला जूनच्या 10 तारखेपर्यंत घरी बसवायला नको होतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याचं कलम 5 सांगतं की टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही की नाकारता येत नाही. कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. आणि कलम 15 सांगतं की मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही परत पाठवायचं नाही. म्हणजे सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या गावच्या सरकारी शाळेचं दार वर्षभर उघडं आहे. पोराला आधी वर्गात बसवा, कागद मागून येतील. हे पालकांना माहीत नसतं, आणि वाईट वाटतं सांगायला, पण कधीकधी टेबलापलीकडच्या माणसालाही माहीत नसतं.

एक आठवण सांगतो. खानापूरच्या जंगलातल्या गवळी-धनगर वाड्यांवर माझी शाळा होती, एकशिक्षकी. सप्टेंबरातली गोष्ट, चार दिवस झड लागलेली. एक धनगर दादा घोंगडीत पोराला गुंडाळून खांद्यावर घेऊन आला. पोर आठ वर्षांचं, शाळेचं तोंड न बघितलेलं. दादानं दारातच विचारलं, "गुर्जी, वर्ष गेलं काय?" मी म्हणालो आत या आधी. जन्मदाखला नाही, आधार नाही. अंगणवाडीच्या ताईकडं लसीकरणाची नोंद सापडली, तिच्यावरून वय धरलं. घोंगडी वाळायला चुलीजवळ टाकली आणि पोराला पाटी दिली. पुढं तो दहावी झाला. त्या दिवशी मी मुदत संपली म्हणालो असतो तर तो दादा दुसऱ्यांदा आला नसता, हे मला आजही वाटतं.

मुदत असते ती खासगी शाळांची, आणि प्रवेश परीक्षांची. तिथं मात्र एक दिवस चुकला की संपलं. ह्या दोन्हींतला फरक आधी समजून घ्या, अर्धी काळजी तिथंच मिटते.

किणयेची_आत्या, 6 जानेवारी
गुरुजी डोळ्यात पाणी आणलंत.

निपाणीकर, 6 जानेवारी
गुरुजी, हे तेव्हा माहीत असतं तर! कलम 5 लिहून ठेवलं.

टिळकवाडी_तात्या, 6 जानेवारी
आता माझं. माझ्या नातीचं नाव ज्ञ वरून सुरू होतं. मराठी माणूस इंग्रजीत ज्ञ लिहिताना डी-एन-वाय लिहितो. कन्नड माणूस जे-एन लिहितो. जन्मदाखला इथल्या महापालिकेचा, त्यात कन्नडवरून जे-एन. आधार काढलं मुलानं, त्यानं स्वतः फॉर्म भरला, डी-एन-वाय. शाळेच्या रजिस्टरात यूकेजीला कुणीतरी जी-एन लिहिलं. तीन कागद, तीन मुली! पहिलीच्या वेळी ऑनलाइन नाव जुळेना म्हणून सगळं अडलं. शेवटी जन्मदाखल्यावर जे आहे तेच धरून आधार दुरुस्त केलं, मग शाळेचं. दीड महिना गेला ह्यात आणि फॉर्मची तारीख होती पंधरा दिवसांवर. शाळेनं समजून घेतलं म्हणून निभावलं.

उचगाव, म्हणून तुला म्हणालो जन्मदाखला आत्ताच बघ. ळ चा ल झालेला असतो, आडनाव पुढं गेलेलं असतं, वडिलांच्या नावाच्या जागी नुसतं एक अक्षर असतं. आणि ज्यांची मुलं 1 ऑक्टोबर 2023 नंतरची आहेत त्यांनी तर डोळ्यात तेल घालून बघा, नवीन कायद्यानं त्यांना जन्मतारखेसाठी तोच एक पुरावा, शाळेपासून पुढं सगळीकडं.

उचगाव_एक्स्प्रेस, 7 जानेवारी
तात्या, बघितला. आईच्या नावात एक अक्षर जास्त आहे. बायको म्हणते तुमचे तात्या देवमाणूस. दुरुस्तीचा अर्ज करून येतो ह्या आठवड्यात.

किणयेची_आत्या, 7 जानेवारी
आमच्या भाचीचं तर नावच नाही दाखल्यावर. बाळंतपण माहेरी गडहिंग्लजला झालं, दवाखान्यातून लगेच नोंद झाली, बारसं बाराव्या दिवशी. नावाच्या ठिकाणी रिकामी रेघ! पाच वर्षं तो कागद देवघराच्या फडताळात, कुणी उघडून बघितलाच नाही. आता पहिलीला काढला तर ही रेघ. काय करायचं?

कॅम्पवासी, 7 जानेवारी
आत्या, घाबरू नका, नाव घालता येतं. जिथं नोंद झाली तिथंच जावं लागेल, म्हणजे गडहिंग्लजला. वर्षाच्या आत फी नसते, पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून होतं. आईवडिलांचे आधार आणि मूळ दाखला घेऊन भाचीच्या वडिलांना पाठवा, आणि घालायचं ते स्पेलिंग कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. तात्यांचं वाचलंत न्हवे.

शहापूर_विणकर, 7 जानेवारी
मी पण एक सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. आम्ही यंत्रमागवाले, खासगी शाळेची फी झेपत नाही. कुणीतरी सांगितलं आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) पंचवीस टक्के सीट फुकट मिळतात, इंग्लिश मीडियममध्ये. थोरलीच्या वेळी त्या लिस्टची वाट बघत बसलो. एप्रिल गेला, मे गेला. मग कळलं, कर्नाटकात 2019-20 पासून नियम बदललाय, जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेत ती सीट मिळत नाही. आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून सरकारी शाळा! महाराष्ट्रात पण असाच बदल केलेला 2024 ला, पण तो मुंबई हायकोर्टानं रद्द केला, म्हणून तिकडच्या पाहुण्यांना मिळतं आणि ते आपल्याला सांगतात. पाहुण्यांचा दोष नाही, त्यांच्याकडं खरंच आहे. आपण इथलं इथं विचारायला पाहिजे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीला त्याच सरकारी शाळेत घातलं. आता चौथीत आहे. पाढे तीसपर्यंत म्हणते.

येळ्ळूरकर, 7 जानेवारी
विणकर भाऊ, मुलीला शाबासकी सांगा!

मी आमच्या गावच्या मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या समितीवर आहे. तुम्ही सगळे तारखा शोधत फिरता आणि आम्ही एप्रिल-मेच्या उन्हात पोरं शोधत घरोघरी फिरतो. दाखलाती (म्हणजे प्रवेश) आंदोलन म्हणतात त्याला, बॅनर घेऊन प्रभातफेरी, ताशा, सगळं. पालक म्हणतात बघू, विचार करतो, आणि मे संपता संपता पोर इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये दिसतं. मग पट कमी झाला की एक शिक्षक जातो, शिक्षक गेला की अजून चार पालक जातात. माझी हात जोडून विनंती, सरकारी मराठी शाळेत घालायचं ठरलं असेल तर जूनची वाट बघू नका. दार वर्षभर उघडं हे गुरुजींचं खरं, पण नाव एप्रिलातच घालून ठेवा.

उचगाव_एक्स्प्रेस, 7 जानेवारी
येळ्ळूरकर, तुमच्या तळमळीला नमस्कार, पण एक विचारतो. मी स्वतः मराठी माध्यमातला. दहावीपर्यंत सगळं छान, पुढं पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलो आणि पहिले सहा महिने सर काय बोलतात कळत नव्हतं. मुलीला त्यातून जायला लावू काय?

येळ्ळूरकर, 7 जानेवारी
ते सहा महिने मी पण काढलेत भावा. खोटं बोलणार नाही. पण सहा महिन्यांनी कळायला लागलं ना? आणि घरी आजीला पत्र वाचून कोण दाखवतं? निर्णय तुझा आहे, फक्त शाळा एकदा आत येऊन बघ आणि मग ठरव. बाहेरून रंग बघून नको.

टिळकवाडी_तात्या, 7 जानेवारी
माध्यमावर वेगळा धागा काढा रे, तो चारशे पोस्टींचा होतो. अनगोळच्या ताईंचं राहिलंय इथं.

चंदगडची_लेक, 7 जानेवारी
काल संध्याकाळी लिहिते म्हणाले आणि राहिलं, माफ करा.

माझी पद्धत. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशेब मी निळ्यानं लिहिते आणि मुलांचं लाल पेनानं. पण फॉर्मची तारीख लिहित नाही मी! कागदाची तारीख लिहिते. म्हणजे फॉर्म मार्चमध्ये सुटणार असेल तर जानेवारीच्या पानावर "जातीचा दाखला, उत्पन्न दाखला, नाडकचेरी" असं लाल अक्षरात, नाडकचेरी म्हणजे हे दाखले मिळतात ते सरकारी ऑफिस. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, फॉर्मला लागणारा दाखला काढायला महिना जातो. आपण चुकतो ते तिथं. थोरल्या मुलाच्या वसतिशाळेच्या फॉर्मच्या वेळी माझ्याकडं तारीख होती, हॉलतिकिटाचा फोटो होता, सगळं होतं, आरडी नंबर नव्हता. जातीच्या दाखल्यावरचा आरडी नंबर टाकल्याशिवाय पान पुढं सरकेना. तिथंच शिकले.

दुसरं, जुन्या डब्यात न ठेवता एक प्लास्टिकची फाइल, दोघांच्या वेगळ्या. जन्मदाखला, आधार, दाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स, ताई कार्ड (गरोदरपणात आईला मिळतं ते), दहा फोटो. आणि पाच वर्षं झाली की आधारला बोटाचे ठसे अपडेट करावे लागतात, ते शाळेच्या आधी करून घ्या, जूनमध्ये आधार सेंटरला उभं राहायला जागा नसते.

खानापूरचे_गुरुजी, 7 जानेवारी
चंदगडच्या ताई, हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावावं. कागदाची तारीख. माझ्या तीस वर्षांत हे मी असं कधी मांडलं नाही.

कॅम्पवासी, 8 जानेवारी
त्यात एक भर. गेल्या वर्षीची तारीख ह्या वर्षी धरून चालू नका. सैनिक स्कूलचं उदाहरण देतो. 2025 ची प्रवेश परीक्षा 5 एप्रिलला होती, फॉर्म डिसेंबरच्या शेवटी सुटलेले. माझा मेव्हणा त्या हिशेबानं 2025 च्या डिसेंबरची वाट बघत बसला. ह्या खेपेला फॉर्म ऑक्टोबरातच सुटले, आणि परीक्षा येत्या 18 जानेवारीला आहे. चुकलं त्याचं. नवोदयचं पण तसंच. आदल्या वर्षी सप्टेंबरातही फॉर्म चालू होते, ह्या वर्षी 29 जुलै ही तारीख दिलेली, मग ऑगस्टात वाढवली. वाढवतात म्हणून विसंबू नका.

अनगोळची आई, थोरल्याचं सगळं गेलं असं समजू नका. नवोदय नववीला पण रिकाम्या जागांसाठी परीक्षा घेतं, तेव्हा तो आठवीत असताना लक्ष ठेवा. सैनिक स्कूल पण सहावी आणि नववी दोन्हीला घेतं, विजापूरला आहे. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, हे आपल्या लोकांना माहीतच नाही. ह्या वर्षाचं म्हणाल तर मोरारजी देसाई वसतिशाळा आणि आदर्श विद्यालय, दोन्ही सहावीपासून, दोन्हींना प्रवेश परीक्षा. उद्याच हेडमास्तरांना भेटून विचारा, आणि जातीचा-उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. ज्यांना मुली आहेत त्यांनी कित्तूरची मुलींची सैनिकी शाळा पण बघून ठेवा, तिची परीक्षा वेगळी असते.

भालकीवाला, 8 जानेवारी
बिदर जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडं लोक मुलांना उदगीर-लातूरला पाठवतात शिकायला आणि नंतर 371-जे च्या (आमच्या भागाला मिळणाऱ्या आरक्षणाच्या) दाखल्याच्या वेळी धावपळ करतात. तुमच्या बेळगावला 371-जे नाही, पण शिनोळीचा विषय निघालाय म्हणून सांगतो, कर्नाटक सीईटीला पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला मागतात. दुसरे नियम पण आहेत त्यात, आईवडिलांच्या शिक्षणावरून वगैरे, पण सरळ रस्ता हाच. एक-दोन वर्षांनी बिघडत नाही. मात्र तिकडं घातलं आणि तिकडंच राहिलं तर हिशेब ठेवा.

निपाणीकर, 8 जानेवारी
आणि उलट बाजूनं, महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे, महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतं त्या 865 गावांची यादी. तिथं तर सीमाभागातच दहावी-बारावी झालेली लागते. म्हणजे पोरगी इथं शिकली म्हणून तिकडचं दार बंद होत नाही.

शहापूर_विणकर, 8 जानेवारी
865 ची यादी कुणाकडं आहे काय? वेगळा धागा काढा.

खानापूरचे_गुरुजी, 8 जानेवारी
अनगोळच्या ताई, धाकटीबद्दल एक म्हाताऱ्या मास्तराचं ऐकाल? पाच वर्षं दहा महिन्यांच्या आणि सहा वर्षं दहा महिन्यांच्या पोरांच्या हाताकडं मी अनेक वर्षं बघितलंय. पहिलीत क गिरवताना लहान पोराचं मनगट पाटीवर टेकतं, पेन्सिल मुठीत धरतं, ओळ सोडून खाली जातं, आणि मग ते रडतं. त्याला येत नसतं असं नाही, हात तयार नसतो. तेच पोर वर्षानं तीच ओळ हसत काढतं. हे वर्ष वाया जात नाही ताई. तिला गोष्टी वाचून दाखवा, चिंचोके मोजायला द्या, आजीबरोबर बाजाराला पाठवा.

अनगोळची_आई, 8 जानेवारी
गुरुजी, तुमची पोस्ट मोठ्यानं वाचली घरात. मिस्टर काही बोलले नाहीत, उठून धाकटीची वही घेऊन आले आणि बघत बसले. ती पेन्सिल मुठीतच धरते हो. आम्ही रागवत होतो तिला त्यासाठी.

शिनोळी रद्द. इथंच, 2027 ला पहिली. आज कालनिर्णय घेतलं आणि जानेवारीच्या पानावर लाल पेनानं लिहिलं, थोरल्याचा जातीचा दाखला, उत्पन्न दाखला. जुलैच्या पानावर काही लिहायला नव्हतं तरी "नवोदय" लिहिलं, बहिणीच्या मुलासाठी, तो पुढच्या वर्षी पाचवीत जातोय. थोरल्याच्या हेडबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या मोरारजीचं सुटलं की मी स्वतः कळवते, दाखले तेवढे तयार ठेवा.

धाकटीचा जन्मदाखला पण बघितला तात्या. नाव बरोबर आहे. आडनावात ळ चा ल आहे.

टिळकवाडी_तात्या, 8 जानेवारी
बघा! वेळ आहे अजून दीड वर्ष, सावकाश दुरुस्त होईल.

किणयेची_आत्या, 9 जानेवारी
भाचीचे वडील सोमवारी गडहिंग्लजला जाणार आहेत, स्पेलिंग मी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. अनगोळच्या ताई, दाखल्यांसाठी मी उद्या नाडकचेरीला चाललेय, तुम्ही येणार असाल तर बरोबर जाऊया?

चंदगडची_लेक, 9 जानेवारी
आत्या, उद्या दुसरा शनिवार, बंद असतं. सोमवारी सकाळी जावा दोघी. रेशनकार्डाचं ओरिजिनल बरोबर घ्या, नुसती झेरॉक्स नको.